भिंतीवरचं जुनं वाक्य

आमच्या कॉलेजच्या कंपाउंडच्या भिंतीवर कितीतरी वर्षं एक वाक्य होतं: 'एड्सला औषध नाही, संयम हाच उपाय.' वाक्याशेजारी लाल रिबन आणि रिबनखाली कवटी. राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी म्हणून ते वाक्य मीच मुलांना लिहून दिलं होतं. दर १ डिसेंबरला बाजारपेठेतून एसटी स्टँडपर्यंत आमची फेरी निघायची, घोषणा व्हायच्या, ग्रामीण रुग्णालयाचे समुपदेशक येऊन अर्धा तास बोलायचे, मुलं वडापाव खाऊन घरी जायची. आपण चांगलं काम करतो आहोत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

त्या भिंतीच्या आतल्या बाजूला मुलींच्या वसतिगृहाची मेस होती. तिथे पोळ्या करणाऱ्या मावशी रोज सकाळी त्या वाक्यापुढून आत यायच्या. त्या एचआयव्हीसह जगतात हे मला कळलं, तेव्हा त्यांचं औषध सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. औषध नाही असं लिहिलेल्या भिंतीशेजारून त्या सहा वर्षं गेल्या, आणि रोज रात्री जेवणानंतर एक गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनशे पोळ्या लाटायला हजर राहिल्या.

कळलं तेही वाईट रीतीने. त्यांच्या सासरच्या गावाकडून आलेल्या एका पालकाने ओळखलं, त्यांच्या नवऱ्याचा मृत्यू कशाने झाला ते इतरांना सांगितलं. दोन दिवसांत दहा-बारा पालक ऑफिसात येऊन बसले. मग बैठक झाली. मी त्या बैठकीला होते. तिथे जीवशास्त्राचे शिक्षक होते, दोन पदवीधर पालक होते, मी होते. एचआयव्ही पोळीतून पसरत नाही हे माहीत नसलेला एकही माणूस त्या खोलीत नव्हता. एकाने तर तसं बोलूनही दाखवलं, "पसरत नाही हे मला माहीत आहे हो, पण लोकांना कुठे सांगत बसायचं?" आणि मावशींना 'काही दिवस विश्रांती' घ्यायला सांगायचं ठरलं. ते काही दिवस संपले नाहीत. मी त्या बैठकीत गप्प बसले होते. हा लेख लिहिण्याचं ते एक कारण आहे.

एचआयव्हीबद्दलचा कलंक अज्ञानातून येतो, त्यामुळे माहिती वाढवली की तो कमी होईल, असं आपण चाळीस वर्षं धरून चाललो. त्या बैठकीनंतर माझा या म्हणण्यावर विश्वास राहिलेला नाही. अज्ञान आहेच, ते मी नाकारत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीबद्दल 'सर्वसमावेशक ज्ञान' असलेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया २१.६ टक्के आणि पुरुष ३०.७ टक्के निघाले. आधीच्या सर्वेक्षणात हे आकडे जवळपास एवढेच होते, पुरुषांचा तर किंचित जास्तच होता. म्हणजे मधल्या काळातल्या सगळ्या फेऱ्या आणि पथनाट्यं धरूनही गाडी जागची हललेली नाही. पण मला जास्त खटकतं ते त्या 'सर्वसमावेशक' शब्दात काय धरलं आहे ते. कंडोम आणि एकच निरोगी जोडीदार यामुळे धोका कमी होतो, वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही एचआयव्ही असू शकतो, आणि पसरण्याबद्दलचे दोन गैरसमज खोटे आहेत, एवढं सांगता आलं की ज्ञान पूर्ण झालं. सगळे प्रश्न धोक्याचे. औषध घेणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, याला त्या व्याख्येत जागाच नाही. आमच्या भिंतीवरही नव्हती.

ही भीती आपल्याकडे मुद्दाम पेरली गेली, आणि पेरणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातली पहिली लागण शोधली, तेव्हा हातात एकही औषध नव्हतं. भीती हीच लस, असं सगळ्यांनाच वाटलं. त्या भीतीचं काय होतं ते शेजारच्या गोव्याने १९८९ मध्ये पाहिलं. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा, त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही सापडला. पोलिसांनी त्याला नेलं आणि वापरात नसलेल्या एका क्षयरोग आरोग्यधामात पहाऱ्यात एकटं ठेवलं, ६४ दिवस. गोव्याचा सार्वजनिक आरोग्य कायदा तेव्हा तशी परवानगीच देत होता. त्याच्या आईने उच्च न्यायालयात धाव घेतली तेव्हा कुठे तो बाहेर आला. पुढे त्याने एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. रक्त देणारा माणूस कैदी झाला, आणि ज्यांनी त्याला नेलं त्यांना आपण गावाचं रक्षण करतो आहोत असं वाटत होतं. आमच्या बैठकीतल्या लोकांनाही तेच वाटत होतं.

त्याच काळात सांगलीच्या गोकुळनगरात धंदा करणाऱ्या बायका स्वतः कंडोम वाटत फिरत होत्या, गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं ते एकमेकींना शिकवत होत्या. संग्राम संस्थेचं ते काम १९९२ चं. त्यातूनच या बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. वर्गात 'कंडोम' हा शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळायची त्या वर्षांत या बायका तो शब्द भर रस्त्यात बोलत होत्या. आणि आम्ही पोस्टरवर आजाराचं मूळ म्हणून चित्र कुणाचं काढलं? त्यांचंच.

मग औषध आलं. ते आपल्याच मुंबईतून जगभर गेलं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती. तीन औषधांच्या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येत होता, तेव्हा २००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. दिवसाला एक डॉलरहून कमी. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत ए.आर.टी., म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, मोफत मिळू लागली. सुरुवातीला सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, खूप खाली आल्यावरच औषध मिळायचं, २०१७ पासून तपासणी पॉझिटिव्ह आली की लगेच सुरू होतं. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. वेळेवर सुरू केली आणि चुकवली नाही, तर आयुष्य जवळपास इतरांइतकंच लांब जातं. आईने गरोदरपणात आणि पुढे औषध नीट घेतलं, बाळालाही सुरुवातीचं औषध मिळालं, तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली येतं. आमच्या भिंतीवरचं वाक्य २००४ मध्येच खोटं झालं होतं. ते मी पुसलं नाही, आणि पुसायला हवं असं मला कुणी सांगितलंही नाही.

यापुढची गोष्ट तर बहुतेकांच्या कानावरही नाही. औषध नियमित घेणाऱ्या माणसाच्या रक्तातला विषाणू इतका कमी होतो की व्हायरल लोडच्या तपासणीत तो सापडत नाही. रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असं येतं. असा माणूस लैंगिक संबंधातून आपल्या जोडीदाराला एचआयव्ही देऊ शकत नाही. 'शक्यता कमी' असं मी म्हणत नाही आहे. देऊ शकत नाही. ही कुणा एका डॉक्टरची श्रद्धा नव्हे. २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. प्रत्येक जोडप्यात एक जण पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. लवकर औषध सुरू केलेल्या गटात जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. त्या अभ्यासाचं एक केंद्र पुण्यात होतं, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत. इथल्या जोडप्यांनी आपलं सगळ्यात खाजगी आयुष्य त्यासाठी उघडं केलं. नंतर युरोपात पार्टनर नावाचे दोन अभ्यास झाले, २०१६ आणि २०१९ मध्ये त्यांचे निकाल आले. शेकडो जोडपी, हजारो वेळा कंडोमशिवाय संबंध, आणि विषाणू सापडत नसलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण नाही. ज्या थोड्या जणांना त्या काळात नवी लागण झाली, त्यांच्यातला विषाणू जनुकीय तपासणीत जोडीदाराच्या विषाणूशी जुळलाच नाही. तो बाहेरून आला होता. जागतिक आरोग्य संघटनाही आता हेच सांगते.

पुण्यात सिद्ध व्हायला हातभार लागलेली गोष्ट पुण्यापासून तीन तासांवरच्या आमच्या गावात पोहोचायला इतकी वर्षं का लागावीत? एका डॉक्टरांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, असं उघड सांगितलं तर लोक बेफिकीर होतील, कंडोम सोडतील." हा आक्षेप मी हलका समजत नाही. विषाणू सापडत नाही ही स्थिती गोळी थांबवली की टिकत नाही, त्यासाठी ठरलेल्या वेळी तपासणी करावी लागते. हे फक्त लैंगिक संबंधांबद्दल खरं आहे, रक्तदान तरीही करायचं नाही. अंगावरच्या दुधाबाबत धोका खूपच कमी होतो, पण शून्य म्हणता येत नाही. इतर गुप्तरोगांपासून गोळी वाचवत नाही. हे सगळं सोबत सांगायला हवं, आणि ते सांगता येतं. मधुमेहाचा माणूस इन्सुलिनचे युनिट शिकतो, टीबीचा माणूस सहा महिन्यांचा कोर्स शिकतो. एचआयव्हीच्या माणसालाच पूर्ण सत्य पेलवणार नाही असं का धरायचं? आणि बेफिकिरीची भीती मला उलटी दिसते. आपली गोळी नवऱ्याला, बायकोला वाचवते हे ज्याला कळलं, तो गोळी चुकवेल का? गोळी चुकते ती लपवावी लागते म्हणून.

मावशींबरोबर मी एकदा त्यांच्या ए.आर.टी. केंद्रावर गेले. आपल्या जिल्ह्यात केंद्र असताना त्या दुसऱ्या जिल्ह्यात जातात, दोन बस बदलून, कारण इथल्या रांगेत कुणीतरी ओळखीचं भेटेलच. परतताना स्टँडवरच्या बाकावर बसून त्यांनी पिशवीतून गोळ्यांची बाटली काढली. आधी नखाने लेबल खरवडलं, बारीक बारीक तुकडे करून ते रुमालात बांधले, मग ब्लाऊजच्या पिशवीतून कापसाचा बोळा काढून बाटलीत कोंबला. मी बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "खुळखुळ वाजते ना हो मॅडम, बसमध्ये. सुनेनं विचारलं तर काय सांगू?" मग बाटली साडीच्या घडीत गेली. तीस गोळ्या. एसटीच्या सवलतींच्या यादीत एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवास आहे. मावशींनी दोन्ही बसमध्ये पूर्ण तिकीट काढलं. भरल्या गाडीत कंडक्टरच्या हातात ते प्रमाणपत्र द्यायचं म्हणजे काय, हे सवलत देणाऱ्यांनी बहुधा डोळ्यांसमोर आणलं नसावं. कलंक असा पैशांत मोजता येतो: दोन बसचं तिकीट, एका दिवसाची मजुरी.

मग प्रश्न उरतो की ज्यांना माहीत आहे, त्यांचा हात का मागे राहतो. त्या बैठकीत मला उत्तर मिळालं, फक्त तेव्हा समजलं नाही. कुणीही 'पोळीतून पसरेल' असं म्हटलं नाही. सगळ्यांनी विचारलं ते हे: "हिला आला कुठून?" हा प्रश्न आपण दुसऱ्या कुठल्या आजाराला विचारतो? हिपॅटायटिस बी, म्हणजे विषाणूमुळे होणारी एक कावीळ, हाही रक्तातून आणि लैंगिक संबंधातून पसरतो. लस न घेतलेल्या परिचारिकेला अशा रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते, एचआयव्हीच्या बाबतीत ती हजारात तीन असते, आणि ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतलं तर तीही घटते. धोक्याचाच हिशेब असता तर आपण हिपॅटायटिसला जास्त घाबरलो असतो. पण कावीळ झालेल्याला कुणी 'कुठून आणलीस' म्हणून छळत नाही. एचआयव्हीत आपण रोगापेक्षा चारित्र्य तपासतो. आणि त्या तपासणीत नेहमी बाई नापास होते. मावशींचा नवरा ट्रकवर होता. लागण त्याने घरी आणली, तो वारला, आणि सासरच्यांनी नवऱ्याला खाल्लं म्हणून त्यांना बाहेर काढलं. जमिनीत त्यांचा वाटा होता, हे सासरच्यांना व्यवस्थित ठाऊक होतं. माणूस गेलेल्या कितीतरी घरांत कलंक हा जमिनीचा वाद मिटवायचा स्वस्त मार्ग झालेला आहे.

इथे आपण सहृदय माणसंसुद्धा चुकतो. 'बिचारीचा काय दोष, नवऱ्यानेच दिला', 'त्या लेकरांचा काय गुन्हा' असं म्हणताना आपण गुन्हेगार कुणीतरी आहे हे मान्यच करतो. निष्पाप रुग्ण असा प्रकार काढला की पापी रुग्ण आपोआप तयार होतो. मीही मावशींची बाजू मांडताना आधी हेच बोलले होते. आता बोलत नाही. ट्रक चालवणारा, धंदा करणारी, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, सुईने नशा करणारा मुलगा, कुणालाही कसा आला ते न विचारता औषध आणि काम मिळालं पाहिजे. कसा आला हे डॉक्टरने जोडीदाराच्या तपासणीपुरतं विचारावं. बाकी कुणाला ते विचारायचा अधिकार नाही.

ही माझी इच्छा नव्हे, कायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितलं होतं की काम करायला सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. ते प्रकरण एका हंगामी मजुराचं होतं. पुढे २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. नोकरी, शाळा, उपचार, भाड्याचं घर, विमा यांत भेदभावाला त्यात मनाई आहे. उपचारांसाठी किंवा नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालणं हाही त्यात भेदभावच धरला आहे. एचआयव्हीबाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे, दवाखान्यांत ही मर्यादा वीसच माणसांची आहे. घरातली मोठी माणसं आजाराने असमर्थ झाली असतील, तर बारा वर्षांवरचं समंजस भावंड धाकट्यांचं पालक म्हणून उभं राहू शकतं, इतका बारीक विचार त्या कायद्यात आहे. तो वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की हे लिहिणाऱ्याने अशी घरं पाहिलेली आहेत. आमच्या बैठकीत त्या कायद्याचं नावही कुणी काढलं नाही, कारण तो कुणाला ठाऊकच नव्हता. मलाही.

सगळ्यात आधी दवाखाने सुधारावे लागतील, असं माझं ठाम मत आहे. मावशींचं गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. एका खाजगी रुग्णालयाने तीनदा तारीख पुढे ढकलली, मग 'वेगळ्या किट'चे म्हणून जादा पैसे लावले, आणि फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल स्केचपेनने मोठ्ठी अक्षरं काढून ती फाइल खाटेच्या पायथ्याशी टांगली. भेटायला येणारा प्रत्येक जण ती वाचत होता. चहा देणारा मुलगा चहा खिडकीत ठेवून गेला. या सगळ्यात विज्ञान कुठे होतं? तपासणीत निगेटिव्ह आलेला रुग्ण लागण होऊन थोडेच दिवस झालेला असू शकतो, म्हणून हातमोजे आणि सुईची काळजी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच घ्यायची असते. रोज गोळी घेणाऱ्या मावशींपेक्षा ज्याची कधी तपासणीच झाली नाही तो शेजारच्या खाटेवरचा माणूस जास्त जोखमीचा होता. डॉक्टरच लाल अक्षरं टांगत असेल, तर गावातल्या बाईने वेगळा पेला का ठेवू नये?

२०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. राज्यांमध्ये सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, ३ लाख ९४ हजार. एवढी माणसं आपल्या पोळ्या लाटतात, रिक्षा चालवतात, मुलांना शिकवतात, आणि बाटलीत कापूस कोंबतात.

मावशी आता दुसऱ्या गावात एका खानावळीत काम करतात. त्यांचं काम मी परत मिळवून देऊ शकले नाही. मुख्य लोक बदलले, दोनदा अर्ज केला, उत्तर आलं नाही. मध्यंतरी त्यांना व्हायरल लोडच्या रिपोर्टचा अर्थ मी समजावून सांगितला. सात-आठ रिपोर्ट त्यांच्या उपचाराच्या हिरव्या पुस्तकात घडी करून ठेवलेले होते, सगळ्यांवर तेच तीन शब्द, आणि केंद्रावर त्यांना एवढंच सांगितलं होतं की 'चांगला आहे, गोळ्या चालू ठेवा'. त्या ऐकत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यापासून कुणाला काहीच नाही? हे भिंतीवर का नाही लिवलं मॅडम?"

यंदा भिंत पुन्हा रंगवायची आहे. कवटी मी आधीच पांढऱ्या रंगाखाली घातली. मुलांनी बसून नवा मजकूर तयार केला आहे: 'एचआयव्हीला औषध आहे. रोज औषध घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही, त्याच्यापासून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही.' खाली १०९७, राष्ट्रीय हेल्पलाइनचा मोफत नंबर. मजकूर मंजुरीला पाठवला, तर 'शरीरसंबंधातूनही' हा शब्द गाळता येईल का, अशी विचारणा आली. गाळता येणार नाही, असं मी लेखी कळवलं आहे. रंगाचे डबे प्रयोगशाळेच्या कपाटात आणून ठेवलेत.